भुऱ्याच्या गळ्यातलं अर्धं जू

माहं माहेर रिसोड अंगाचं. आता तिथं कोनी नाई, एक भाऊ होता तो बी पोरापाशी पुन्याले गेला, पन कोनी विचारलं ना का बाई तुमी कोनीकडच्या, तर तोंडातून रिसोडच निंगते. लगन होऊन इकडं आली, वाशीमकडच्या मालेगाव अन् जऊळक्याच्या मंधात आमचं गाव, गाव कायचं, थोडीशी घरं अन् बाकी ज्याचं त्याचं वावर. आमचं घर तर गावात बी नाई, वावरातच हाये, रेल्वेगाडी शिट्टी मारते ते इथं चुलीपाशी ऐकू येते, तुमी आल्या तवा ऐकली असन. तर काय सांगत होती, हां, कुत्र्याचं. तुमी विचारून राह्यल्या कुत्र्याचं अन् मी बसली माहेर सांगत, पन त्याले कारन हाये ताई. माह्या माहेरी कुत्रं नव्हतं. लहानपनी एका कुत्र्यानं मले पोटरीले धरलं होतं, हे पाहा, अजून निशानी हाये, तवापासून कुत्रं दिसलं का माही छाती धडधड करे.

अन् नवी नवरी होऊन आली, दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसली तर दारात हे एवढं कुत्रं. माय वं! मी भाकर तशीच तव्यावर टाकून भिताडाले चिपकली. सासू हासाले लागली. मामाजी अंगनात बैलाइले कुटार टाकून राह्यले होते, मामाजी म्हंजे माहे सासरे, आमच्याकडं सासऱ्याले मामाजी म्हनतात, तर ते आले, टोपलं खाली ठेवलं अन् म्हने, पोरी, आपल्या घरची रीत हाये, परातीतलं शेवटचं पीठ खरडून जी लहान भाकर होते ना, ती कुत्र्याची, अन् ती देल्याबिगर घरची बाई जेवत नाई. मी म्हनलं, फेकून देऊ का मंग. म्हने नाई, फेकाची नाई. भेऊ नको, हातानं दे. असं म्हनून माह्या बाजूले उकिडवे बसले, अन् मी डोळे मिटून हात पुढं केला. काय सांगू तुमाले, मले वाटलं आता बोटं गेली. अन् त्या कुत्र्यानं भाकर अशी घेतली, अशी अलगद, का मले फक्त त्याचा गरम श्वास लागला हाताले. डोळे उघडून पाह्यलं तर भाकर नाई अन् बोटं सगळी जागच्या जागी. त्या दिवशी मले जे नवल वाटलं ते आजपावतर सरलं नाई.

मामाजी कोनाशी बोलाचेच नाई. माहं तोंड असं, दिवस उगवला का जे सुरू होते ते मावळेपर्यंत, आमचे मालक म्हनतात तुह्या तोंडाले रविवार नाई. पन मामाजी बिलकुल मुकाट मानूस. जे काई बोलाचं ते बैलाशी. चांद्या अन् लाल्या अशी जोडी होती त्याइची. डवरा, म्हंजे कोळपं, धरला का बोलनं सुरू, अरे चांद्या, आज ऊन लय हाये बाप्पा, एवढं तास काढू अन् पानी पेऊ. मी न्याहारी घेऊन धुऱ्यावर, बांधावर जाओ तर मले वाटे कोन्या पाहुन्याशी बोलून राह्यले. अन् पोळा आला म्हंजे तर काय पुसता! बैलाच्या खांद्याले लोनी-हळद चोळनं, शिंगं रंगवनं, अन् ते जू, बैलाच्या मानेवरचं लाकूड, त्याले तेल पाजू पाजू असं गुळगुळीत केलं होतं का हात फिरवतच राहावा वाटे. ते जू त्याइच्या बापाच्या हातचं होतं.

अन् कुत्रं घरात कायमच. एक गेलं का दुसरं, दुसरं गेलं का मंग तांबी आली. तांबी म्हंजे रंगानं तांबडी, म्हनून तांबी, आमी काई लय डोकं चालवत नाई नावाले. पन तिचं डोकं! आमच्यापेक्षा तिले दिवसमान जास्त मालूम. उन्हाळा लागला का ती रांजनाच्या बुडाशी उकरून बसे, अन् आपली जागा सावलीनुसार बदले, सकाळी इकडून, दुपारी तिकडून, जसा का घड्याळाचा काटा. हिवाळ्यात चूल इझली का राखेत जाऊन झोपे, सकाळी उठून आली का पूर्न गोसावी. मी झाडू घेऊन मांगं लागो, हट मेले, लुगड्याले राख लावते, अन् ती मुद्दाम माह्याच अंगाले घासून जाये. पावसाळ्यात तर विचारूच नका, चिखल तिचा, गोचिडं तिचे, अन् अंग झटकाची जागा मातर माही ओसरी.

एका आखाडात तिनं नाल्याच्या काठच्या भोकात पिल्लं देली होती. एका सकाळी पाहतो तर एक एक पिल्लू तोंडात धरून बैलाच्या कोठ्यात आनून राह्यली. आभाळ कसं? लख्ख. ढगाचं नाव नाई. मालक म्हने हिचं डोकं फिरलं, एवढी चांगली जागा सोडून कोठ्यात बैलाच्या पायात कायले आनते. मामाजी नुसते पाहत राह्यले. शेवटचं पिल्लू सगळ्यात भुरकट, मोठ्या डोक्याचं, ते आईच्या तोंडात लोंबकळत इकडं-तिकडं पाहे, जसा का जत्रेले चालला. अन् दिवस मावळता मावळता जो पानी आला ताई, तो नाला असा फुगला का काठचं ते भोक कुठं होतं ते बी दुसऱ्या दिवशी ओळखू आलं नाई. मामाजीनं हात जोडले तिले. खरंच जोडले, मी पाह्यलं. आभाळ तिले काय सांगून गेलं अन् आमाले काहून नाई सांगतलं, मी अजून विचार करतो. ते भुरकट पिल्लू म्हंजेच आमचा भुऱ्या. बाकीचे लोकाइनं आपापल्या वावरात नेले, हा राह्यला.

मंग टॅक्टर आलं. सगळ्याइकडंच आलं, आमच्याकडं बी आलं. लाल्या म्हातारा होऊन कोठ्यातच गेला, चांद्या एकटा राह्यला, आता एकट्या बैलाचं काय करता, मालकानं तो मालेगावच्या बाजारात नेऊन देला. त्या दिवशी मामाजी जेवले नाई, बोलले बी नाई, पन ते कवाच बोलत नव्हते तर आमाले तरी काय कळाचं. जू तेवढं कोठ्याच्या कोपऱ्यात उभं राह्यलं. दर पोळ्याले बैल नसले तरी ते त्याले तेल लावत. अन् सासू वारल्यावर हळूहळू त्याइचं इसरनं सुरू झालं. पहिले चष्मा इसरत, मंग जेवलो का नाई ते इसरत, मंग एका दुपारी खांद्यावर दावं टाकून निंगाले. मी म्हनलं मामाजी कुठं. म्हने चांद्याले आनतो, नाल्याकडं चरत गेला. चांद्या जाऊन किती पावसाळे झाले होते!

वाशीमच्या डॉक्टरनं सांगतलं, हे वयाचं दुखनं हाये, गोळ्या घ्या पन मानसाची नजर पाह्यजे. आमचा देर वाशीमलेच राहते, तो म्हने वहिनी, दुपारी बाहेरून कडी लावत जा, दुसरा उपाय नाई. रेल्वेची लाईन जवळ हाये, कुठं गेले-बिले तर तोंड दाखवाले जागा राहनार नाई. त्याचं बी खोटं नव्हतं. मी एक दुपार लावून पाह्यली कडी. आतून थाप ना शिवी. नुसता आवाज आला, सूनबाई, कडी कोनं लावली गं, बैल तहानले असतीन. मी कडी काढली, अन् देराले फोनवर सांगतलं का बाबू, ज्या मानसानं जिंदगीभर एका बैलाले उपाशी बांधून ठेवलं नाई, त्याले मी कोंडनार नाई. मालक म्हने, मंग जवाबदारी तुही. म्हनलं हौ, माही.

जवाबदारी माही म्हनलं खरं, पन घेतली तांबीनं. तिले कोनी सांगतलं नाई, शिकवलं नाई. मामाजी दावं घेऊन उठले का ती उठे. ते नाल्याकडं तर ती नाल्याकडं, ते पांदनीनं तर ती पांदनीनं. अन् ऊन उतरलं का ती त्याइच्या पुढं जाऊन घराकडं तोंड करून उभी राहे. तिच्या भाकरीचा टाईम ना! मामाजीले वाटे चांद्या घराकडं गेला वाटते, कुत्रं तिकडंच पाहून राह्यलं, चाला. अन् तिच्या मांगं मांगं घरी. रोज. मी चुलीपाशी बसून पांदनीकडं पाहो, पहिले तांबीचे कान दिसत, मंग मामाजीचं पागोटं. ते दोन्ही दिसले का माहा जीव भांड्यात पडे.

मागच्या उन्हाळ्यात तांबी गेली. म्हातारी झाली होती, ऊन सोसलं नाई, रांजनापाशीच गेली. मालकानं तिले निंबाखाली पुरलं. मामाजीले ध्यानात राह्यलं नाई, ते तिले आवाज देत. अन् भुऱ्या? भुऱ्या म्हंजे निस्ता हूड. सरड्याच्या मांगं धावे, टॅक्टरच्या मांगं धावे, कोनाच्या बाजूनं चार पावलं नीट चालला असन तर शपथ. मी म्हनलं झालं, आता लागते कडी. दुपारी मामाजी उठले, दावं घेतलं, मी पदर खोचून मांगं जाले निंघाली, तर काय पाहतो, भुऱ्या सरड्याचं उकरनं सोडून उठला, अंग झटकलं अन् मामाजीच्या डाव्या बाजूनं चालाले लागला. डाव्याच बाजूनं, जशी तांबी चाले. मी तिथंच पांदनीत उभी राह्यली. माहे डोळे भरून आले, अन् खरं सांगू, थोडं भेव बी वाटलं, का हे लेकरू आईपासून हे कवा शिकलं? तिनं मरता मरता याच्या कानात काई सांगतलं का?

पूर्न पावसाळा असा गेला. सोयाबीन कमरेले लागलं तरी भुऱ्याची शेपटी वरून दिसे, म्हंजे मामाजी कुठं हायेत ते मले घरून कळे. दसरा झाला, दिवाळी झाली, हरबरा पेरला. अन् इथं घोटाळा झाला ताई. बाजूचं वावर शालिकभाऊचं. चांगला मानूस हाये, या गावात बैलजोडी ठेवनारा तो एकच राह्यला, पन तोंडानं माह्यापेक्षा बी तिखट. त्यानं हरबऱ्यात स्पिंकलर लावले. आता ते गोल गोल फिरून पानी फेकते, चिर्रचिर्र वाजते, अन् आमच्या येड्याले वाटलं हे कोनतं तरी जनावर हाये. जो धावला त्याच्या मांगं! ते इकडं फिरे तर हा इकडं, ते तिकडं तर हा तिकडं, पानी अंगावर आलं का उड्या मारे, अन् मधातला हरबरा पूर्न पाटासारखा आडवा. मले हासू आवरेना अन् शालिकभाऊ धुऱ्यावरून बोंबलून राह्यला, वहिनी, हासता काय, कुत्र्याले लोढनं घाला, नाई तर मी पाह्यतो मंग!

लोढनं तुमाले मालूम नसन. खोडील गुरढोर असलं, नाई तर दुसऱ्याच्या वावरात जानारं कुत्रं असलं, तर त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, तो पायात अडकते, जनावर चालू शकते पन धावू शकत नाई. इकडं सगळेच करतात, त्यात काई वाईट नाई. पन आमच्या मालकाचं डोकं पाहा. सरपनाचा ढीग सोडून देला, बाभळीच्या फांद्या सोडून देल्या, अन् गेला कोठ्यात, कोपऱ्यातलं ते जू काढलं, आरीनं मंधातून कापलं, अन् अर्धं भुऱ्याच्या गळ्यात. कायले, तर म्हने त्याले भोक आयतंच होतं, दोर ओवाले सोपं. मी डोक्यावर हात मारला. अहो, तुमच्या आज्याच्या हातचं जू! तर म्हने बैल कुठं हायेत, अन् आबाले, म्हंजे मामाजीले, कुठं याद हाये.

भुऱ्यानं ते गळ्यात घेतलं अन् खाली बसला. चार पावलं चाले, लाकूड गुडघ्याले लागे, बसून जाये. माह्याकडं असा पाहे का जसं ते मीच बांधलं. आता हा मामाजीसंगं कसा जाईन? मालक म्हने, हरबरा निंगेपर्यंत आबाले दुपारी कडी लाव. मंग मात्र माहं टकुरं फिरलं. म्हनलं कुत्र्याले लोढनं, बापाले कडी, मले बी एक खुटा ठोकून द्या अंगनात! लय भांडली मी. शेवटी असं ठरलं का आज मी ओसरीतच बसतो तुरीच्या शेंगा सोलत, उद्याचं उद्या पाहू.

अन् बसली होती जी. मामाजी खाटेवर पडले होते, डोळा लागला होता. मी बोरवर फक्त हंडा भराले गेली, मोटार नुकतीच सुरू झाली होती म्हनून. परत येतो तर खाट रिकामी. दावं नाई. पायतनं तिथंच. मी आवाज देला, मामाजी! कोठ्यात पाह्यलं, मांगं पाह्यलं, निंबाखाली पाह्यलं. भुऱ्या बी नाई. मालकाले एवढ्या मोठ्यानं हाक मारली का मोटारीच्या आवाजात बी त्याले ऐकू गेली. तो धावत आला. कुठं पाह्यचं? चारही बाजूनं वावर, एकीकडं नाला, एकीकडं लाईन. अन् जऊळक्याकडून गाडीची शिट्टी वाजली. मालक म्हने तुले सांगतलं होतं. जवाबदारी माही होती.

अन् मंग मले ती रेघ दिसली. अंगनातल्या फुफाट्यात, कोठ्याच्या दारापासून, एक रेघ. पोरं काडी ओढत नेतात तशी, पन रुंद, अन् तिच्या दोन्ही बाजूनं कुत्र्याचे पाय. म्हनलं अहो, हे पाहा. लोढन्याची रेघ हाये! जो भुऱ्या सकाळपासून चार पावलाइच्या पुढं चालत नव्हता, तो ते लाकूड ओढत मामाजीच्या मांगं गेला होता ताई. आमी त्या रेघेवर धावाले लागलो. पांदनीत रेघ, पांदनीतून नांगरलेल्या पट्टीत, तिथं तर अशी खोल का तास काढल्यासारखी. जिथं मुरूम लागला तिथं दिसेना, माहा जीव कासावीस, पुढं जाऊन पाहो तर परत सुरू. अन् गेली कुठून तर सरळ शालिकभाऊच्या हरबऱ्यातून, ओल्या मातीत, मंधोमंध.

शालिकभाऊ नुकताच येऊन तिथंच उभा. हरबऱ्याकडं पाहून तोंड उघडलंच होतं त्यानं. मंग आमाले अनवानी धावत येताना पाह्यलं, मामाजीचे अनवानी पाय मातीत उमटलेले पाह्यले, अन् बाजूले ती रेघ पाह्यली. तोंड मिटून घेतलं. पाइप तिथंच टाकला अन् म्हने, चाला वहिनी, इकडून गेले, अन् आपल्याच हरबऱ्यातून आमच्या पुढं धावला. मी त्या मानसाले तवापासून कवा वाकडं बोलली नाई.

रेघ लाईनकडं चालली होती. गाडी आमच्या डोळ्यादेखत धडधडत गेली, वरून धूळ उडाली, अन् शालिकभाऊ ओरडला, वहिनी, ते पाहा बाभूळ!

लाईनच्या भरावाखाली एक बाभूळ हाये. तिच्या बुडाशी मामाजी बसले होते. मजेत, पाय पसरून. भुऱ्या त्याइच्या मांडीले टेकून उभा, गळ्याले दोर काचून रगत आलेलं, जीभ बाहेर, अन् मामाजीचा हात त्या अर्ध्या जुवावर. कुरवाळून राह्यले होते त्याले. आमी धापा टाकत गेलो तर तोंडावर बोट ठेवलं, म्हने हळू बोला, बैल थकला. मंग मले म्हने, कोनीतरी जू घेऊन गेलं गं, कोपऱ्यात नव्हतं, म्हनलं बैल कोनी जुंपून नेले का काय, एवढ्या लांब पाहत आलो, मांगं वळून पाह्यलं तर हा चांद्या, जू घेऊन माह्या मांगंच.

काय म्हनू जी! जू कापलं म्हनून मामाजी निंघाले, अन् त्याच जुवानं त्याइले लाईनच्या अलीकडं बसवलं. भुऱ्यानं ते ओढत नेलं नसतं तर मामाजी थांबले नसते, अन् आमाले रेघ दिसली नसती. मी लय देवधरम करनारी बाई नाई, एकादशीले बी मले भूक लागते, पन त्या बाभळीखाली मी डोकं टेकलं. देवापुढं टेकलं का कुत्र्यापुढं, ते मले मालूम नाई.

मालक रडून राह्यला होता. भुऱ्याच्या गळ्याचा दोर सोडाले गेला तर मामाजी एकदम ओरडले, रस्त्यात कायले सोडतं बे, घरी नेऊन सोडू! सोडूच देत नव्हते. अन् ओझं त्या मुक्या जीवाच्या गळ्याले काचून राह्यलं. मंग मालकानं काय केलं, खाली वाकला अन् जुवाचं ते टोक आपल्या खांद्यावर घेतलं. इकडं भुऱ्या, तिकडं मालक, मधात अर्धं जू, अन् मांगून मामाजी दावं हातात घेऊन, हाऽ चाल, हाऽ बेटा. तसेच घरापर्यंत आले, पूर्न पांदन. शालिकभाऊ हासे बी अन् डोळे बी पुसे. मी म्हनलं, पाहा भाऊ, आमच्या घरी परत बैलजोडी झाली, एक थोडा कामचोर हाये. मालकानं वाकल्या वाकल्या माह्याकडं पाह्यलं.

घरी येऊन भुऱ्याच्या गळ्याले हळद-तेल लावलं. ते अर्धं जू मालकानं आनखी कापलं, रंधा मारला, हलकं केलं, इतकंसं, त्याले जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळली. म्हनलं आता कायले. म्हने आबाले लागन. अन् खरंच, दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी उठले, कोपऱ्यातून तो तुकडा घेतला, अन् म्हने, ये चांद्या. आता तुमी सांगा ताई, ज्या लाकडानं मान सोलली ते पाहून कुत्र्यानं पळाले पाह्यजे का नाई? भुऱ्या उठला, जवळ गेला, अन् मान खाली घातली. माह्या डोळ्यानं पाह्यलं नसतं तर मी बी म्हनलं असतं का बाई थापा मारते. शालिकभाऊनं धुऱ्यावर स्पिंकलरच्या बाजूनं काट्या लावल्या अन् कुत्र्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाई. अन् कडी? कडीले आता गंज चढला, देर आला होता तवा त्यानंच तिले तेल देऊन पाह्यलं, तरी सरकत नाई.

यंदाच्या पोळ्याले मामाजी सकाळपासून एकदम खुशीत. भुऱ्याच्या मानेले हळद-लोनी लावलं, माही जुनी हिरवी चोळी झूल म्हनून पाठीवर, कपाळाले गुलाल. अन् निंघाले गावात तोरनाखाली, जिथं पोळ्याले सगळ्या बैलजोड्या रांगेत उभ्या करतात. मालक म्हने लोक हासतीन. हासले बी. पोरं तर ओरडाले लागली, कुत्र्याचा पोळा, कुत्र्याचा पोळा. तोरनाखाली शालिकभाऊची जोडी उभी, बाकी दुसऱ्या गावाहून आनलेल्या. मामाजी भुऱ्याले घेऊन थेट रांगेशी गेले अन् जागा पाहत उभे राह्यले. माही मान खाली गेली होती, खोटं कायले बोलू. अन् मंग शालिकभाऊचा आवाज ऐकू आला. आपल्या बैलाले मांगं रेटून म्हने, सरका रे, सरका, चांद्याले जागा द्या. मामाजीनं त्याच्याकडं पाह्यलं, ओळखलं का नाई देव जाने, पन हात वर करून आशीर्वाद देला. भुऱ्या दोन बैलाइच्या मंधात असा उभा राह्यला, कान टवकारून, शेपटी स्थिर, जो एक मिनिट एका जागी राहत नाई तो. मी ताट घेऊन पुढं गेली अन् त्याले ओवाळलं.

आता सोयाबीन निंगालं, हिवाळा लागन, भुऱ्या राखेत झोपाले लागला, आईसारखाच गोसावी होऊन उठते. मामाजी मले ओळखत नाई आता. कवा म्हनतात बाई, तुमी कोनाकडच्या, मी म्हनतो रिसोडच्या, तर म्हनतात हौ का, आमची सून बी तिकडचीच हाये, लय बोलते, पन मनाची चांगली हाये. एवढं चांगलं त्याइनं मले जिंदगीत तोंडावर कवा म्हनलं नव्हतं. ते पाहा, पांदनीतून कान दिसून राह्यले. अन् ते पागोटं. आता येतीन, दावं खुट्याले गुंडाळतीन, भुऱ्याच्या गळ्यातलं लाकूड काढून कोपऱ्यात ठेवतीन. अन् मी चुलीपुढं बसून परात खरडली का बाजूले येऊन उकिडवे बसतीन. त्याइले वाटते मी कालच लगन होऊन आली. रोज वाटते. अन् रोज म्हनतात, पोरी, भेऊ नको, हातानं दे. मी म्हनतो हौ मामाजी, अन् डोळे मिटून हात पुढं करतो.